तणमोराचा पाहुणचार

सुज्ञ वाचकहो! प्रस्तुत कथेमध्ये एक विद्यार्थी, एक विद्वान गुरू, एक आदरातिथ्यशील गाव आणि एक नर जातीचा पक्षी यांचा वृत्तांत यथाक्रम कथन करण्यात येणार आहे. विद्या, निष्ठा आणि अतिथीसत्कार हे तीन सद्गुण एकाच शिवारात एकत्र आले असता काय अनर्थ ओढवतो, याचे हे सत्यवत् उदाहरण होय. वाचकांनी ते शांत चित्ताने व शक्य तर जेवण आटोपून वाचावे, ही विनंती.

इसवी सन एकोणीसशे एकोणनव्वदचा आषाढ लागला होता. धुळे जिल्ह्यातील शिंदखेडे तालुक्यात साळवखेडे नावाचे एक आडवळणी गाव आहे. गावाच्या उत्तरेस गवताचे मोठे कुरण, दक्षिणेस नाला आणि मध्ये मारुतीचा ओटा. अशा या गावाच्या फाट्यावर एके दिवशी एस.टी. थांबली आणि तिच्यातून गळ्यात दुर्बीण, पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट व डोक्यावर साहेबी टोपी धारण केलेली एक आकृती खाली उतरली. हाच तो आपल्या कथेचा नायक, रतिलाल भारंबे. घर सावद्याचे, केळीबागाईतदाराचे. घरात वारकरी वळण असल्याने गळ्यात दुर्बिणीच्या पट्ट्याखाली तुळशीची माळही होती. धुळ्याच्या एका महाविद्यालयात तो प्राणिशास्त्रात एम.फिल. करीत होता व त्याच्या प्रबंधाचा विषय 'धुळे-जळगाव परिसरातील पक्षिवैविध्य' असा भारदस्त होता.

आता या विषयातील मेख सांगितली पाहिजे. रतिलालचे मार्गदर्शक म्हणजे प्राध्यापक डॉक्टर खैरनार. यांची ख्याती अशी की, पक्ष्यांविषयी त्यांच्याइतके कोणी लिहिलेले नव्हते आणि पक्ष्यांकडे त्यांच्याइतके कमी कोणी पाहिलेले नव्हते. पुष्कळ वर्षांपूर्वी त्यांनी एक ग्रंथ सिद्ध केला होता व त्यात छातीठोकपणे लिहिले होते की, तणमोर नावाचा गवताळ रानातील पक्षी या दोन्ही जिल्ह्यांतून कायमचा नामशेष झालेला आहे. सदर निष्कर्ष त्यांनी विश्रामगृहाच्या व्हरांड्यात आरामखुर्चीवर बसून काढला होता. व्हरांड्यातून त्यांना तणमोर दिसला नाही, हे मात्र शंभर टक्के सत्य होते. या ग्रंथाबद्दल त्यांना शाल मिळाली, श्रीफळ मिळाले आणि पुढे विभागाचे प्रमुखपदही मिळाले.

रतिलालच्या प्रबंधाचा पहिला मसुदा पाहून त्यांनी तो टेबलावर आपटला होता.

"कावळा, चिमणी, साळुंकी, बगळा! भारंबे, हे तर माझ्या आंधळ्या मावशीलाही दिसतात. यात संशोधन कुठे आहे?"

"सर, मी नवीन काही शोधीन."

"काय शोधाल? नवीन पक्षी काय केळीच्या घडातून निघणार आहे?"

तेव्हा रतिलालच्या तोंडून, विनाशकाले विपरीत बुद्धी, असे निघून गेले की, "सर, तणमोर शोधीन."

सरांचा चष्मा नाकावरून खाली आला. ते मंद हसले. ते हसू पाहून शिपायाने चहा आणण्याचा बेत रद्द केला.

"शोधा. अवश्य शोधा. मी स्वतः येईन, या डोळ्यांनी पाहीन, आणि दिसला तर तुमचा प्रबंध त्याच दिवशी मान्य करीन. नाही दिसला, तर तुम्ही आणि तुमची दुर्बीण, दोघांनी सावद्याला जाऊन केळी भरावीत."

अशा रीतीने रतिलालचे अवघे भवितव्य एका पाखराच्या शेपटीला बांधले गेले. जामनेरकडील एका नवीन महाविद्यालयात अधिव्याख्यात्याची जागा निघणार होती. पदवी मिळाली तर जागा, जागा मिळाली तर मान. पदवी न मिळाली तर वडिलांच्या बागेत घड वाहणे व "दुर्बीणवाला" अशी पदवी गावाकडून फुकट मिळणे निश्चित होते.

साळवखेड्यास रतिलाल उतरला तो चुडामण आबांकडे. हे गावातील प्रतिष्ठित शेतकरी. हृदय विशाल, मिशा त्याहून विशाल, आणि पाहुणा म्हणजे साक्षात देव असे मानणारे. त्यांच्या पत्नी ताईबाई यांच्या हातच्या रश्श्याची कीर्ती पाटण, दोंडाईच्यापर्यंत होती. आबांचा धाकटा भाऊ पुना. हा गवतात फासे लावून लावा, तित्तर धरण्यात पटाईत होता आणि त्याबद्दल त्याला लाज नव्हती, अभिमान होता.

पहिल्याच सायंकाळी ओसरीवर रतिलालने आपली शास्त्रीय प्रश्नावली उघडली. विद्वान लोकांची रीत अशी की, साधी गोष्टही साधी विचारावयाची नाही.

"आबा, या कुरणात तणमोर येतो का? मानेला नि पोटाला काळा, डोक्यामागे पिसांचे तुरे, आणि गवतातून टुणकन उंच उडी मारतो?"

"येस ना! पानी पडनं का येस. नाचस, मंग चालना जास," आबा म्हणाले.

रतिलालचे काळीज आनंदाने उसळले. पण शास्त्रज्ञाने आनंद दाखवावयाचा नसतो, म्हणून त्याने पुढचा प्रश्न विचारला.

"त्याचे अंदाजे वजन किती भरते?"

आबांनी पुनाकडे पाहिले. पुनाने आबांकडे पाहिले.

"फार नही. कोंबडीतून कमी भरी," पुना म्हणाला.

"अंगावर चरबी केव्हा धरतो?"

"श्रावण सरता सरता. टोळ खाईसन खाईसन माजस तो."

"स्थानिक लोक त्याचा आहारात उपयोग करतात का? म्हणजे, खातात का?"

"मना बापनी खायेल शे!" पुना सरसावून बसला. "मोरना मटनले मांगे सारस!"

रतिलालने हे सर्व गंभीरपणे टिपून घेतले. वाचकहो, येथे क्षणभर विसावा घेऊन विचार करा. एखादा मनुष्य दूर गावाहून एस.टी.चे धक्के खात येतो, एका जिवाचे वजन विचारतो, चरबी विचारतो, तो कोठे निजतो, केव्हा माजतो, चवीला कसा लागतो, हेही विचारतो. अशा मनुष्याविषयी साळवखेड्याच्या भोळ्या जनांनी कोणता तर्क करावा? आजवर या गावात जे जे साहेब आले, ते बंधाऱ्याचे असोत की पतपेढीचे, ते पहिल्या दिवशी कामाचे विचारीत आणि दुसऱ्या दिवशी कोंबडीचे विचारीत. हा साहेब अधिक प्रामाणिक; याने पहिल्याच दिवशी मुद्द्यास हात घातला, इतकेच.

अडचण एकच आली. ताईबाईंनी पाहुण्यासाठी अंड्याची पोळी केली, तेव्हा रतिलालने गळ्यातील माळ बाहेर काढून दाखवली.

"अक्का, मी माळकरी. मला अंडेसुद्धा चालत नाही."

त्या रात्री चुलीपुढे ताईबाई नवऱ्यास म्हणाल्या, "हाऊ पोऱ्या सोता खास नही. मंग हाई बठ्ठं धुंडनं कोनासाठे?"

आबांनी मिशीवरून हात फिरवला. "साहेबना बी साहेब ऱ्हास, येडी."

पुढील दिवस रतिलालने कुरणात चिखल तुडवण्यात व्यतीत केले. पावसाच्या धारा, गवताचे काटे आणि चावरे डास यांच्याशी त्याने घनघोर युद्ध केले. साहेबी टोपी पहिल्याच आठवड्यात नाल्याने नेली. अखेर श्रावणातील एका प्रभाती, उंच गवतातून एक काळी आकृती चेंडूसारखी वर उसळली, पंखांचा टर्र असा ध्वनी झाला, आणि ती पुन्हा गवतात लुप्त झाली. पुन्हा उसळली. पुन्हा लुप्त झाली. तो तणमोर होता! सरांच्या ग्रंथात मृत असलेला तो पक्षी साळवखेड्याच्या कुरणात विवाहाच्या आशेने उड्या मारीत होता. त्यास ग्रंथ वाचता येत नव्हता, हे त्याचे सुदैव.

रतिलालच्या नेत्रांतून अश्रू वाहू लागले. दुर्बिणीच्या काचा ओल्या झाल्या व उरलेल्या उड्या त्यास दिसल्याच नाहीत.

त्याच संध्याकाळी त्याने मारुतीच्या ओट्यावर गाव जमवले. संशोधकाने लोकजागृती करावी, असे कुठेतरी छापलेले त्याने वाचले होते.

"बंधूंनो आणि भगिनींनो," तो म्हणाला, "आपल्या कुरणात एक अनमोल ठेवा आला आहे. असा पक्षी लाखात एक. माझ्या आयुष्याचे सार्थक याच्यावर अवलंबून आहे. माझे सर मोठे अधिकारी आहेत. ते खास या पक्ष्यासाठी इथे येणार आहेत. ते येईपर्यंत याला कोणी हात लावू नये. गुरे त्या बाजूला नेऊ नका. कुत्री बांधून ठेवा. त्याला भरपूर खाऊ द्या, सुखात राहू द्या. सरांची एकदा तृप्ती झाली की माझे काम फत्ते!"

गाव कान देऊन ऐकत होते. मग पुना उठला.

"भाऊ, सर कवय येतीन?"

"पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. पोळ्याला त्यांना सुट्टी आहे, दुसऱ्या दिवशी जीपने येतो म्हणालेत."

सभेत आनंदाची लहर पसरली. कारण आमच्याकडे श्रावणमासी कोणी मांसाला शिवत नाही. तो महिना पोळ्याच्या अमावास्येस संपतो, आणि पोळ्याचा दुसरा दिवस ती कर. करीच्या दिवशी महिनाभर उपाशी राहिलेल्या जिभा सुटतात व घरोघरी चुलीवर वाटण चढते. शहरातल्या साहेबाला एवढी रीतभात ठाऊक असावी, याचे सर्वांस कौतुक वाटले.

"म्हंजे करीना दिन! बेस जमाडं शे भाऊनी," पुना म्हणाला. "सरसंगे कितला जन शेतस?"

"सर आणि ड्रायव्हर."

"मंग एकच पुरी, का आजून एक दखू?"

"अहो, एक मिळाला हेच भाग्य!" रतिलाल गहिवरून म्हणाला. त्यास वाटले, हा अडाणी गडीसुद्धा माझ्यासाठी दुसरा तणमोर शोधावयास सिद्ध झाला. धन्य ते गाव!

"काळजी नका करू," आबांनी सर्वांच्या वतीने शब्द दिला. "सर येवालोंग कोनी हात लावाव नही. हाऊ साळवखेडाना शबूद शे."

आणि तो शब्द गावाने असा पाळला की, सरकारी अभयारण्यानेही लाजेने मान खाली घालावी. गुराख्यांनी गुरे नाल्यापलीकडे वळवली. कुत्री दावणीला बांधली गेली व रात्रभर विव्हळत राहिली. शेजारच्या गावचा एक शिकारी ससाण्यासारखा घिरट्या घालू लागला, तर पुना व अभिमन या दोघांनी त्याची मानगूट धरून त्यास हद्दीबाहेर नेऊन सोडले. अभिमन हा गावचा पैलवान. तो त्या शिकाऱ्यास म्हणाला, "ते पाखरू धुळाना साहेबनं शे. दखं तरी डोया काढसू!" ताईबाई तर सकाळी पदरात ज्वारी घेऊन जात व पक्षी असे त्या गवतापाशी मूठभर दाणे टाकून येत.

"अक्का, तुम्ही त्याला दाणे घालता?" रतिलालने सद्गदित होऊन विचारले.

"घालाले नको का? इतला लांबतून मानूस येवाव, आन ते सुकेल निंघनं म्हंजे? गावनी इज्जत जाई ना!"

रतिलालने त्या रात्री प्रबंधात एक स्वतंत्र प्रकरण घातले. त्याचे नाव 'पक्षिसंवर्धनात ग्रामस्थांचा उत्स्फूर्त सहभाग' असे होते. त्यात त्याने लिहिले की, विद्वानांनी या निरक्षर जनतेपासून भूतदया शिकावी. हे प्रकरण प्रबंधातील सर्वोत्तम होते व भाषेच्या दृष्टीने आजही तसेच आहे.

यथावकाश पोळा आला. बैलांना झूल चढली, शिंगांना बेगड लागले, पुरणपोळ्या झाल्या, वाजंत्री वाजली. आणि दुसऱ्या दिवशी कर उजाडली.

रतिलाल पहाटेच कुरणात गेला. तणमोर होता. पूर्वी कधी नव्हता इतका गुबगुबीत झालेला तो पक्षी आज जडपणाने उडी घेत होता. रतिलालने त्यास मनोभावे नमस्कार केला आणि "बाबा रे, आज एवढा दिवस उड्या मार, मग तू मोकळा नि मीही मोकळा," असे म्हणून तो सरांना आणण्यासाठी फाट्याकडे निघाला. गावाच्या वेशीत पुना भेटला. त्याच्या खांद्यावर फाशांची जाळी होती.

"सर उनात का?"

"आता येतीलच. मी घेऊन येतो. पुनाभाऊ, आज सगळे व्यवस्थित होईल ना?"

"तुमी फकत सरले आना, भाऊ. बाकी मनावर सोडा."

रतिलालने त्याचे दोन्ही हात हातात घेतले. पुढे पुष्कळ दिवस त्यास आपल्या त्या हातांची शिसारी येत असे.

जीप आली, परंतु बारा वाजून गेल्यावर. ती सरांच्या एका खतविक्रेत्या भाच्याची मागून आणलेली असल्याने भाच्याच्या सवडीने निघाली होती. डॉक्टर खैरनार पांढरीशुभ्र विजार घालून पुढे बसले होते. फाट्यावरील चिखल पाहून त्यांच्या कपाळास आठ्या पडल्या.

"भारंबे, तुमचा पक्षी या चिखलात राहतो?"

"सर, कुरण जरा पुढे आहे. इथूनच सरळ जाऊ. आता तो उड्या मारतो आहे. तासाभरात ऊन आणखी तापले की गवतात बसेल."

सरांनी विजारीकडे पाहिले, चिखलाकडे पाहिले, आणि वाऱ्यावर आलेला कसलासा खमंग वास घेतला. गावात घरोघरी कांदा व खोबरे भाजले जात होते.

"आधी भोजन. उपाशी पोटी निरीक्षणात चुका होतात, हे शास्त्र आहे."

"सर, फक्त दहा मिनिटे..."

"भारंबे! मार्गदर्शक मी आहे की तुम्ही?"

आबांच्या ओसरीत पाट मांडले होते. सरांच्या पाटाभोवती रांगोळी, शेजारी पितळी तांब्या. ताटात ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, कांदा, लिंबू, आणि काळ्या मसाल्याचा लालभडक तर्रीचा रस्सा. ड्रायव्हरला ओट्यावर बाहेर वाढले. रतिलालला एका कोपऱ्यात वांग्याचे भरीत वाढण्यात आले. त्याचे लक्ष ताटात नव्हते. तो दारातून उन्हाचा कवडसा किती सरकला ते पाहत होता.

सरांनी पहिला घास घेतला व डोळे मिटले. दुसरा घेतला व मान हलवली. तिसऱ्या घासास त्यांनी तांब्याच्या दिशेने हात केला, पण पाणी न पिताच पुन्हा रश्श्यात घातला. नाकातून, डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि मुद्रेवर ब्रह्मानंद होता.

"अप्रतिम!" ते हाड चोखीत म्हणाले. "काय हो चुडामणराव, कोंबडी गावठी दिसते. पण फारच नाजूक आहे, लहानशी. चव मात्र निराळीच!"

दाराआडून ताईबाईंचे हसू ऐकू आले.

"कोंबडी कसानी व्हई, साहेब!" आबा म्हणाले. "जेनासाठे रतिलालभाऊ इतला दिन चिखल तुडवत व्हतात, तोच शे हाऊ! आते गवतमातून काढा नि आते शिजाडा. कोनी हात लावा नही, तुम्ही येवालोंग."

बाहेर ड्रायव्हर मिटक्या मारीत होता, तेवढाच आवाज.

तेवढ्यात पुना आतून आला. त्याने तळहातावर, जसा काही देवाचा प्रसाद धरावा तशी, काळी तुरेदार पिसे धरली होती. "सर, हाई आठवन ल्या. टोपीमा लावाले."

रतिलालच्या हातातील भाकरीचा तुकडा भरितात पडला. तो उठला, पुन्हा बसला, पुन्हा उठला. "सर," तो म्हणाला, "सर, हा... हा तोच. हीच पिसे. सर, तुम्ही पाहिलीत ना? तुम्ही म्हणाला होतात, या डोळ्यांनी पाहीन..."

डॉक्टर खैरनार यांचा हात ताटात थांबला. पाहणाऱ्यास वाटले असते की, हा विद्वान आता शोकाने मूर्च्छित होणार. परंतु विद्वान माणसे अशी सहजासहजी मूर्च्छित होत नसतात. ते पिसांकडे पाहत राहिले. मग रतिलालकडे. मग ताटातल्या हाडांच्या छोट्याशा ढिगाकडे. ज्या पक्ष्यास त्यांनी ग्रंथात मारले होते तो जिवंत होता, आणि ज्यास जिवंत पाहावयास ते आले होते तो आता त्यांच्याच पोटात होता. असा पेच शास्त्रात क्वचितच उद्भवतो.

"भारंबे, बसा," ते शांतपणे म्हणाले.

"सर, पण..."

"बसा म्हणतो ना. शिजलेल्या नमुन्यावरून जात ओळखणे शास्त्राला मान्य नाही."

"सर, पिसे तर शिजलेली नाहीत!"

"पिसे कुठूनही येऊ शकतात. वाऱ्याने येतात. जत्रेत विकत मिळतात." सरांनी डाव्या हाताने ती पिसे पुनाच्या तळहातावरून उचलली आणि ताईबाईंकडे देऊन म्हणाले, "बाई, ही चुलीत घाला. घरात जुनी पिसे ठेवू नयेत, रोगराई होते."

ताईबाईंनी आज्ञेप्रमाणे ती चुलीत घातली. जळक्या पिसांचा दर्प ओसरीभर पसरला. सरांनी नाकास रुमाल लावला.

"सर, हा अन्याय आहे," रतिलाल म्हणाला. आयुष्यात प्रथमच त्याचा आवाज चढला होता. "मी दोन महिने इथे काढले. मी सगळ्यांना सांगेन. विद्यापीठात सांगेन."

"अवश्य सांगा. काय सांगाल?" सर भाकरी मोडीत म्हणाले. "हा पक्षी मारण्यास कायद्याने बंदी आहे, ठाऊक आहे ना? मारला कोणी? या गृहस्थांनी. शिजवला कोणी? या माउलीने. त्याला जपून, खाऊ घालून, माजवून ठेवायला सांगितले कोणी? तुम्ही. भर सभेत, साऱ्या गावासमोर. मी बापडा पाहुणा. पुढ्यात आले ते खाल्ले. आता जा, आणि चुडामणरावांच्या हातात बेड्या घाला."

रतिलालने आबांकडे पाहिले. आबा मिशीवर हात ठेवून भांबावून उभे होते. पाहुण्यांचे काय बिनसले, रस्सा तिखट झाला की काय, या चिंतेने त्यांचे तोंड उतरले होते. तो खाली बसला.

"माझा ग्रंथ तुम्ही वाचलाच आहे," सर पुढे म्हणाले. "त्यात मी लिहिले आहे की, तणमोर या भागात नाही. त्या वेळी काही लोक कुरकुरले. आज मात्र मी पूर्ण जबाबदारीने सांगतो, नाही. तुम्हीही तसेच लिहा. स्वतः प्रत्यक्ष शोध घेऊन खात्री केली, असे लिहा. उत्तम प्रबंध होईल. सही मी परवाच करतो." मग स्वयंपाकघराकडे वळून, "बाई, रस्सा आहे का थोडा? वाया जायला नको."

रतिलालच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागले. ते पाहून ताईबाईंना भडभडून आले. त्या पुनाला हळूच म्हणाल्या, "दख ना, बिचारा! इतला जीव टाकीसन धुंडा, आन गळामा माळ शे म्हनीसन खाता येस नही. रडू नका, भाऊ. भरीत वाढू का आजून?"

रतिलालने भरीत घेतले. काय करणार?

वाचकांस उत्सुकता असेल की पुढे त्याने काय केले. त्याने सरांनी सांगितले तेच केले. प्रबंधात लिहिले की, 'प्रत्यक्ष क्षेत्रीय अभ्यासाअंती तणमोर या परिसरातून नामशेष झाल्याचे निर्विवाद सिद्ध होते.' ग्रामस्थांच्या भूतदयेचे प्रकरण मात्र त्याने वगळले नाही. सरांना ते फार आवडले. पदवी मिळाली. जामनेरकडील जागाही मिळाली. सावद्यात वडिलांनी पेढे वाटले. निंदक मंडळी म्हणतात की रतिलालने सत्य विकले. त्याचे स्नेही म्हणतात की त्याने एका भल्या माणसाच्या मनगटांना बेड्या पडू दिल्या नाहीत. माझ्या मते दोघांचेही म्हणणे खरे आहे, आणि हीच रतिलालची शोकांतिका. मनुष्याने चांगले काम भित्रेपणाने केले, की त्याचे पुण्यही त्यास नीट लागत नाही.

पुढच्या वर्षीचा श्रावण आला. भारंबे सर वर्गात फळ्यावर 'नामशेष झालेले पक्षी' असे शीर्षक लिहीत होते, तोच दारात आवाज आला, "राम राम, भाऊ!"

चुडामण आबा होते. डोक्यावर नवी टोपी, तोंडभर हसू. एस.टी. बदलत बदलत ते एवढ्या लांब आले होते. भारंबे सरांनी घाईघाईने त्यांना व्हरांड्याच्या टोकाला नेले.

"आबा, तुम्ही इथे?"

"खबर शे खुशीनी," आबा कानाशी लागून म्हणाले. "दुसरा उना शे! त्याच जागावर. पयलातून बी तगडा. बठ्ठा गाव राखी ऱ्हायना. पुनानी कुत्रा बांधी टाकात. करीना दिन मोठा सरले लई या. आन भाऊ, यंदा तुमी ती माळ काढीसन या. मांगना साली तुम्हना डोयाना पानी मनातून जात नही."

भारंबे सरांच्या चेहऱ्यावर क्षणमात्र एक प्रकाश पडला. तो तणमोर! पुन्हा! गेलो, छायाचित्र काढले, वर्तमानपत्रात दिले, की खैरनारांचा ग्रंथ रद्दीत. मग त्यांना आठवले की त्याच रद्दीत एक प्रबंधही जाईल, 'निर्विवाद सिद्ध होते' हे वाक्य असलेला, आणि त्याखालची सही कोणाची आहे हेही आठवले. वर्गातून पोरांचा गलका येत होता. हातात खडू होता. महिन्याच्या महिन्याला पगार होता.

प्रकाश विझला.

"आबा," ते खालच्या आवाजात म्हणाले, "माझं एक ऐका. त्याला हाकलून द्या."

"काय?"

"गोफण मारा. डबे वाजवा. कुत्री सोडा, पण अंगावर नको, नुसती भुंकवा. त्याला गावच्या हद्दीत राहू देऊ नका. आणि कोणी विचारलं तर आमच्याकडे असलं पाखरू कधी आलंच नाही, असं सांगा."

आबा थक्क होऊन त्यांच्याकडे पाहत राहिले. ज्या माणसाने एका पाखरासाठी पाऊस, काटे, डास सोसले, तोच आज गोफण मारा म्हणत होता. शिकलेल्या माणसाचे मन कळणे कठीण, असे त्यांच्या मनात आले असावे.

"इतला राग, भाऊ? तवय तुमले वाढं नही म्हनीसन?"

भारंबे सरांनी आबांच्या पाया पडून त्यांना एस.टी.त बसवून दिले, आणि वर्गात परत जाऊन अर्धवट राहिलेले शीर्षक पूर्ण केले.

साळवखेड्याने पाहुण्याचा शब्द याही वेळी पाळला. करीच्या सकाळी पुनाने जड अंतःकरणाने गोफण फिरवली, अभिमनने तेलाचा रिकामा डबा बडवला. तो पुष्ट पक्षी गवतातून उठला, एक वळसा घेऊन नाल्यापलीकडे उडाला व शेजारच्या गावच्या शिवारात उतरला. त्या शिवारात अद्याप कोणी संशोधक गेलेला नाही. म्हणून तो तेथे सुखरूप असावा, अशी आशा बाळगण्यास जागा आहे.

येथवर हे कथन नेटाने वाचणाऱ्या सर्व रसिक व सहनशील वाचकांचे मनःपूर्वक आभार मानून लेखणी खाली ठेवतो.

आपला नम्र,
सुकदेव वना बोरसे
मु. साळवखेडे, जि. धुळे